अण्णांच्या मोबाइलवरच्या पाट्या

मी मोबाइल गेममध्ये अक्षरं दाखवायचं काम करते. गेममधल्या गाड्या, माणसं, डोंगर, पाणी हे सगळं दुसरे लोक करतात. पडद्यावर जे काही लिहिलेलं दिसतं, म्हणजे गुण, सूचना, बटणांवरचे शब्द, पात्रांचं बोलणं, ते नीट उमटावं आणि त्यासाठी फोन अडखळू नये, एवढंच माझ्याकडे असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काम ते काय? लिहिलं की दिसलंच.

मला नोकरी लागल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे समजावून सांगितलं होतं. अण्णा जिंतूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागं बसून ते माइकवरून गाड्या पुकारायचे. गावात त्यांचा चेहरा न ओळखणारे पुष्कळ असतील, पण आवाज न ओळखणारं कुणी नव्हतं. शाळेत मला मुली विचारायच्या, तुझे वडील घरी पण तसंच बोलतात का? तसंच बोलायचे. जेवायला हाक मारली तरी ती अंगणापलीकडं ऐकू जायची.

माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले होते, "म्हंजे गाडीला पाटी लावायचं काम हाय की तुझं. पाटी दिसली न्हाई तर माणूस चढंल का गाडीत?"

पुढं कुणी विचारलं की ते हेच सांगायचे. लेक पुण्याला असती, मोबाइलमधल्या पाट्या लावती. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते बरोबरच होतं.

ते रिटायर होऊन फार काळ झाला नव्हता. एका सकाळी आरशासमोर दाढी करताना त्यांच्या हातातलं रेझर खाली पडलं. आई सांगते, ते उचलायला म्हणून वाकले आणि तसेच बसले. शेजारच्यांनी गाडी काढून परभणीला नेलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा ते दवाखान्यात खाटेवर होते. उजवा हात चादरीवर ठेवल्यासारखा पडलेला होता. मला त्यांनी लगेच ओळखलं. डोळे भरून आले, ओठ हलले आणि ते म्हणाले, "लागली."

मला वाटलं, कुठंतरी लागलंय त्यांना. मी कुठं लागलं म्हणून विचारत राहिले. ते नाही म्हणून मान हलवत राहिले आणि पुन्हा म्हणाले, "लागली."

माइकवर रोज किती वेळा म्हणत असतील ते. अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे. सगळ्या बोलण्यातून तेवढा एकच शब्द त्यांच्याकडं राहिला होता. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या बोलण्याच्या भागाला मार बसलाय. पाय सुधारेल, हात थोडाफार सुधारेल. शब्दांचं मात्र काही सांगता येत नाही. समोरचं बोलणं त्यांना बरंचसं समजतं, पण स्वतःचा शब्द सापडत नाही. वाचणं-लिहिणंही गेलं असण्याची शक्यता आहे.

घरी आणल्यावर आईचं सगळं त्या एका शब्दावर चालू लागलं. अण्णा म्हणायचे "लागली", आणि ती विचारत जायची. भूक लागली? तहान लागली? थंडी लागली? बरोबर सापडलं की अण्णा डोळे मिटून मान हलवायचे. नाही सापडलं तर शब्द वाढत्या आवाजात येत राहायचा, आणि शेवटी ते भिंतीकडं तोंड करायचे. ज्या गोष्टी मराठीत लागत नाहीत, त्या मागायची सोयच नव्हती. पंखा बंद कर, हे त्यांना कसं सांगता येणार?

मी कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि जिंतूरला आले. परभणीत बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. आठवड्यातून एकदा आम्ही अण्णांना बसने त्यांच्याकडं न्यायचो. बाई शांत होत्या. चित्राचं कार्ड दाखवायच्या, खाली तीन शब्द ठेवायच्या आणि त्यातला बरोबर कोणता ते बोटानं दाखवायला सांगायच्या. हेच घरी रोज करा, म्हणाल्या. आणि शब्द त्यांच्या आयुष्यातले घ्या.

आईनं जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. अण्णांनी ती हातानं बाजूला सारली. लहान पोराचा खेळ समोर मांडल्यासारखं त्यांना वाटत असावं. फोन मात्र ते डाव्या हातात धरून बसायचे. जुना, काच तडकलेला फोन होता. त्यावर कुणाचं स्टेटस, कुणाचा फोटो, असं काहीबाही सरकवत राहायचे. तेव्हा मला वाटलं, हेच मी त्यांना फोनवर करून देऊ शकते. मला दुसरं येतच काय होतं?

अण्णांच्या आयुष्यातले शब्द म्हणजे गाड्यांच्या पाट्या. मी गावांचे फोटो जमवले. येलदरीचं धरण, चारठाण्याचं देऊळ, नेमगिरीचा डोंगर, सोनपेठचा बाजार, जिंतूरचं आमचं स्टँड. वर फोटो, खाली तीन पाट्या. बरोबर पाटीवर बोट ठेवलं की ती हिरवी होते आणि खालून एक छोटी लाल बस निघून जाते. बस मीच काढली होती, त्यामुळं ती थोडी वाकडी होती.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला. अक्षरं लिहायचं काम फोनच्या स्वतःच्या यंत्रणेवर सोपवलं. तिला मराठी येतं. माझ्या फोनवर झकास चाललं. अण्णांच्या फोनवर फोटो आधी यायचा, पाट्या कोऱ्या दिसायच्या आणि अक्षरं थोड्या वेळानं उमटायची. एरवी कुणाला ते जाणवलंही नसतं. पण अण्णांचं लक्ष तेवढ्या वेळात निसटायचं. फोटो पाहायचे, कोऱ्या पाट्या पाहायचे, आणि अक्षरं येईपर्यंत नजर खिडकीकडं गेलेली असायची. मग मी, "अण्णा, बघा ना, आली," म्हणायची आणि ते दचकून परत पाहायचे.

मग मी कंपनीत करते तसं केलं. गेमचा पडदा डोळ्याचं पातं लवेपर्यंत कितीतरी वेळा पुसून नव्यानं काढला जातो. प्रत्येक अक्षर दर वेळी नव्यानं घडवत बसलं तर जुना फोन दमतो. म्हणून आम्ही सगळी अक्षरं आधीच एका मोठ्या चित्रावर शेजारी शेजारी छापून ठेवतो. फोननं फक्त त्यातलं हवं ते उचलायचं आणि जागेवर ठेवायचं. इंग्रजीत हे फार सोपं जातं. अक्षरं थोडी असतात, एकामागं एक सुटी उभी राहतात. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर टाइप होते आणि आधी दिसते. रफार आधी येतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. अर्धी अक्षरं एकमेकांत मिसळून तिसराच आकार घेतात. साध्या पद्धतीनं उचलत गेलं तर "जिंतूर" मधल्या ज ची वेलांटी पुढच्या त ला जाऊन चिकटते.

वेलांटीचं मी हातानं दुरुस्त केलं. जिंतूर नीट दिसायला लागलं. अक्षरं आता फोटोबरोबरच यायची, आणि अण्णा खरोखर पाट्यांकडं पाहायला लागले. चुकायचे, पुन्हा पाहायचे. काही दिवसांनी बरोबर बोट ठेवायला लागले. बस निघाली की त्यांच्या डाव्या गालावर हसू यायचं.

त्याच सुमारास कंपनीची मीटिंग होती. मी खोलीचं दार लावून बसले होते. नव्या गेममधून मराठी काढायचं ठरत होतं. आमच्या टीमच्या प्रमुखांनी समजावून सांगितलं. लिपी एकच असली तरी हिंदीत न येणारी मराठी जोडाक्षरं धरली की अक्षरांचं चित्र फार मोठं होतं, स्वस्त फोनची मेमरी तेवढ्यातच भरते, आणि मराठी माणसाला हिंदी येतंच. तुला काय वाटतं, त्यांनी मला विचारलं. ते बोलत होते त्यात चूक काही नव्हतं. चित्र किती मोठं होतं हे त्यांना मीच तर सांगितलं होतं. मी म्हणाले, ठीक आहे.

मीटिंग संपेपर्यंत बाहेरून अण्णांचा आवाज येत होता. लागली, लागली, लागली. आई काहीतरी विचारत होती आणि तिचं एकही उत्तर बरोबर येत नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा फोन गादीवर पालथा पडला होता आणि अण्णा त्याच्याकडं बोट दाखवत होते. आई म्हणाली, "आता पातुर चांगले खेळायलते. एकदम काय झालं काय म्हाईत."

मी फोन उचलला. पडद्यावर रेल्वे स्टेशनचा फोटो होता. आदल्या दिवशी मी त्यात पूर्णा जंक्शन घातलं होतं, आणि गडबडीत पाटी कशी उमटते ते पाहायचं राहून गेलं होतं. रफार णा वर चढलाच नव्हता. र पाय मोडून मधेच उभा होता आणि णा लांब जाऊन पडला होता. पूर् णा. अण्णा त्या शब्दावर बोट आपटत होते.

मी तिथंच खाली बसले. मला फार आनंद झाला होता. मी आईला म्हणाले, "आई, पाटी चुकलीय. त्यांना चूक दिसली. त्यांना वाचता येतंय."

आईनं फोन हातात घेऊन पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. अण्णा शांत झाले होते.

त्यानंतर मला चूक होण्याची जोखीमच घ्यायची नव्हती. सुटी अक्षरं उचलून जोडायची भानगड मी काढून टाकली आणि प्रत्येक गावाचं अख्खं नाव, एकसंध, लॅपटॉपवर नीट लिहून चित्र म्हणून छापलं. त्या सगळ्या नावांचं मिळून एक मोठं चित्र केलं. आता फोनला काहीच जोडायचं नव्हतं. येलदरी म्हणजे एक चित्र, पूर्णा म्हणजे एक चित्र. यापेक्षा हलकं काम फोनला दुसरं देता येत नाही. कंपनीतही ज्या शब्दांत बदल व्हायचा नसतो, त्यांचं आम्ही असंच करतो.

अण्णांची प्रगती पाहून मला विश्वास बसेना. आठवड्यात त्यांना सगळी गावं यायला लागली. फोटो आला की क्षणभर थांबायचे आणि बोट सरळ बरोबर पाटीवर जायचं. मी पाट्यांच्या जागा बदलल्या, तरी बरोबर. मी एकेक गाव वाढवत गेले. पुण्याच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं की वाचणं परत आलंय, आता बोलणंही येईल. आईनं देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या वेळी परभणीला गेलो तेव्हा मी बाईंना सगळ्यात आधी फोनच दाखवला. अण्णांनी त्यांच्यासमोर एकापाठोपाठ एक पाट्या ओळखल्या. बाई मनापासून खूश झाल्या. मला म्हणाल्या, फार छान केलंय तुम्ही. मग त्यांनी टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्याचे तुकडे केले, आणि जाड पेननं त्यावर येलदरी, सोनपेठ, पूर्णा अशी नावं लिहिली. बाईंचं अक्षर स्वच्छ, गोल होतं. फोनमधला धरणाचा फोटो तेवढा मोठा करून त्यांनी अण्णांसमोर धरला, आणि खाली कागद मांडले.

अण्णांनी कागदांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. पुन्हा कागदांकडं पाहिलं. त्यांचं बोट हवेत फिरत राहिलं आणि शेवटी सोनपेठवर टेकलं. टेकल्यावर त्यांनी बाईंच्या तोंडाकडं पाहिलं, बरोबर आलं का म्हणून.

बाईंनी चेहरा हलू दिला नाही. फोटो बदलला. पुन्हा चुकलं. मी मधे म्हणाले, अक्षर वेगळं आहे ना, म्हणून असेल. बाईंनी मान हलवली. त्यांनी फोनवर पुन्हा गेम उघडला, आणि अण्णांनी तीच गावं न चुकता दाखवली.

आई अण्णांना घेऊन बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा बाई मला म्हणाल्या, "ते ओळखतायत. वाचत नाहीयेत. शब्द त्यांच्यासाठी चित्र झालाय."

मी त्यांना पूर्णाच्या पाटीचं सांगितलं. अण्णांनी चूक पकडली होती, मग ते वाचल्याशिवाय कसं होईल? बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, होऊ शकतं. तेव्हा शब्दांचे आकार अजून पाठ झाले नव्हते, त्यामुळं थोडं वाचण्याकडं मन जातही असेल. किंवा नवीन फोटो, अनोळखी शब्द, काहीतरी खटकलं असेल आणि राग आला असेल. सांगता येत नाही. त्या दिवशी अण्णांना चूक दिसली होती की नुसता संताप आला होता, हे मला आजही माहीत नाही. विचारायची सोय नाही. विचारलं तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

परतीच्या गाडीला वेळ होता. परभणीच्या स्टँडवर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. मी अण्णांना विचारलं, "आपली कोणची?" त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. ते एकेका पाटीशी थांबत होते. मी त्यांच्या नजरेबरोबर पाहत होते. नजर ओळीच्या शेवटाला गेली, तिथून परत फिरली, आणि मग ते खाली स्वतःच्या चपलांकडं पाहू लागले. इतक्यात माइकवर कुणीतरी जिंतूरची गाडी पुकारली, आणि अण्णा ताडकन उठले. आईचा हात धरून माझ्या आधी चालायला लागले.

घरी आल्यावर मी अजून एक प्रयत्न केला. प्रत्येक नाव मी वेगवेगळ्या वळणात लिहिलं. जाड, बारीक, हातानं लिहिल्यासारखं, दुकानाच्या पाटीसारखं. दर वेळी वेगळं रूप समोर येईल आणि अण्णांना आकार सोडून अक्षरांकडं पाहावंच लागेल, असा माझा हिशेब होता. बाईही म्हणाल्या होत्या, करून बघा, पण जबरदस्ती नको.

अण्णांनी फोन घेतला आणि पहिल्याच फोटोला थांबले. बोट ठेवलं. पाटी हिरवी झाली नाही. दुसरीवर ठेवलं. बस निघाली, पण ते हसले नाहीत. पुढच्यालाही तसंच. चार-पाच दिवस मी रोज त्यांना बसवत होते. रोज थोडं कमी बसायचे. कालपर्यंत ओळखीचं असलेलं गाव आज त्यांना दार उघडत नव्हतं, आणि ते दार मी लावलंय हे त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे. एका सकाळी मी फोन पुढं केला तर त्यांनी तो घेऊन, स्क्रीन न पाहता, उशीखाली ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. ती म्हणाली, "कशाला तरास द्यायलीस गं त्यांना? एवढंच एक त्यांचं हुतं."

तिला राग आला नव्हता. ती नुसतं सांगत होती. मी लॅपटॉप उघडला आणि जुनी, एकसंध पाट्यांची आवृत्ती त्यांच्या फोनवर परत टाकली.

दोन-तीन दिवस अण्णांनी फोनला हात लावला नाही. मग एकदा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो उशीखालून काढला. येलदरी. हिरवी झाली. बस गेली. त्यांनी थांबून पडद्यावरून अंगठा फिरवला, जसं कुणी धूळ पुसतं, आणि पुढं गेले.

आता रोज सकाळी ते खेळतात. सगळं बरोबर येतं. मी नवं काही वाढवत नाही. परभणीच्या बाईंकडं जाणं चालूच आहे. तिथं ते कधी एखादं सुटं अक्षर ओळखतात, बहुतेक वेळा नाही. हात सुधारला आहे, चालणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं आहे. शब्द एकच आहे. कंपनीत मी आता हिंदी, इंग्रजीच्या पाट्या लावते.

परवा त्यांच्याबरोबरचे एक रिटायर ड्रायव्हर काका भेटायला आले होते. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून फोन उघडला आणि खेळून दाखवलं. एकही पाटी चुकली नाही. काका वाकून पाहत होते. सोनपेठ आलं तेव्हा त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् लोक म्हणत्यात, ह्यांचं वाचायचं गेलं. चांगलं वाचायलेत की. आमी सगळ्यांना सांगतो स्टँडवर."

अण्णा माझ्याकडं पाहत होते. आई कपबशा घेऊन उभी होती. मी म्हणाले, "हो काका, वाचतात." आणि काकांनी पुढचा फोटो दाखवा म्हटल्यावर अण्णांनी बोट पुन्हा पडद्यावर ठेवलं.